ईश्वरप्पा मेस्त्रीची पाण्याची घसरगुंडी

ईश्वरप्पा मेस्त्रीने आयुष्याची सत्तावीस वर्षं उकिडवं बसून काढली. मोझॅकची फरशी घोटणाऱ्याचं कामच तसलं. हातात दगड, पुढ्यात पाणी आणि राखाडी चिखल, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हात पुढे-मागे, पुढे-मागे. आधी जाडा दगड, मग मध्यम, मग बारीक, आणि शेवटी मेण. सोलापुरात बाळीवेस म्हणू नका, रेल्वे लाइन म्हणू नका, किती घरांतून त्याचा हात फिरला होता याची त्याची त्यालाच मोजदाद नव्हती. वास्तुशांतीला घरमालक छाती फुगवून पाहुण्यांना सांगायचा, "फरशी बघा की हो, तोंड दिसतंय तोंड!" आणि तेव्हा ईश्वरप्पा मागच्या दारी शेवटच्या पंगतीची वाट बघत बसलेला असायचा. त्याला त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही. गुडघे मात्र चाळिशीतच गेले.

असल्या माणसाच्या डोक्यात पाण्याची घसरगुंडी शिरावी, आता याला काय म्हणायचं! आज पोरंटोरं तिकीट काढून वॉटर पार्कात जातात, दिवसभर डुंबतात, घरी येऊन शिंकतात. तेव्हा तो शब्दसुद्धा कुणाच्या कानावर पडला नव्हता. सोलापुरात पोहायचं म्हणजे विहीर, पाठीला डबा बांधायचा आणि बापाने वरून ढकलून द्यायचं. संपलं.

झालं असं, की एकाहत्तर साली एका ठेकेदाराबरोबर ईश्वरप्पा मुंबईला गेला. एका शेटजीच्या बंगल्याचं काम होतं. बंगल्यामागे पोहायचा हौद, आणि हौदाच्या कडेला पुरुषभर उंचीची सिमेंटची घसरगुंडी. वरून नळ सोडलेला. शेटजीची नातवंडं घसरत होती त्याचं ईश्वरप्पाला काही वाटलं नाही; पोरं ती, कुठूनही घसरतात. पण तिसऱ्या दिवशी शेटजीची आई आली. सत्तरीच्या पुढची, केस पांढरे, नेसूचं लुगडं आवळून घेतलेलं. म्हातारी सुनेचा हात धरून वर चढली, टेकली, आणि सुर्रकन खाली पाण्यात! आणि हसायला लागली. अशी हसली, अशी हसली, की हातातला दगड तसाच ठेवून ईश्वरप्पा बघत राहिला. आपली आई हसलेली त्याला आठवेना. बायको चंद्रव्वा हसायची, पण पदर तोंडावर घेऊन, आवाज न करता. मोठी माणसं असं हसू शकतात, आणि तेही फुकट, नुसत्या घसरण्याने, हे त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

घरी आल्यावर त्याने पहिल्या जेवणालाच चंद्रव्वाला सांगितलं, "आपल्या विहिरीवर मी अशी घसरगुंडी करणार. सगळ्या गावासाठी. बायकांना शुक्रवार ठेवायचा."

"यव्वा!" चंद्रव्वाने कपाळाला हात लावला. "मुंबईचं पाणी बाधलं की काय तुम्हाला?"

अक्कलकोट रोडला वडिलांच्या वाटणीतली त्याची सव्वा एकर जमीन होती. जमीन कसली, माळच. पण विहीर मात्र खरी. बहात्तरचा दुष्काळ आला, माणसं खडी फोडायला गेली, गावातल्या विहिरींचे तळ दिसले. हिचं पाणी चार पायऱ्या खाली गेलं आणि तिथेच थांबलं. दोन वर्षं आजूबाजूच्या वस्त्या तिच्यावर जगल्या. तेव्हा घसरगुंडीचं नावही काढायची सोय नव्हती, आणि ईश्वरप्पाने काढलंही नाही. पण डोक्यातून ती गेली नव्हती. चौऱ्याहत्तरला पाऊस बरा झाला आणि त्याने मोहोळकडच्या महिपती गवंड्याला बोलावणं धाडलं.

महिपती आला, सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली. "मेस्त्री, काल-परवापातुर लोकं हितं घागरीसाठी डोकी फोडत व्हती. आन तुमी त्याच पाण्यात त्यास्नी घसरायला लावणार व्हय?"

"म्हणूनच," ईश्वरप्पा म्हणाला. "दोन वर्षं पाण्याकडे बघून नुसती रडली की लोकं."

महिपती दुसऱ्या दिवशी ओळंबा घेऊन आला.

विटांचा चौथरा झाला, वर चढायला अठरा पायऱ्या, आणि तिथून खाली एक वळण घेऊन कमरेइतक्या पाण्याच्या हौदात उतरणारी घसरगुंडी. बांधणं महिपतीचं, पण वरच्या मोझॅकला आणि त्याच्या घोटाईला ईश्वरप्पाने कुणाला हात लावू दिला नाही. हिरव्या आणि पांढऱ्या खड्यांचा माल, कुठे सांधा नाही, कुठे खरखर नाही. उतारावर बसून घोटायचं म्हणजे कंबरेला दोर बांधून घ्यावा लागे. पाच महिने तो तिथे लटकला. गुडघे सुजून यायचे, चंद्रव्वा रात्री मीठ-पाण्याने शेकायची आणि शेकता शेकता बोलायची. लोकांच्या घरी घोटायचा दगड खाली ठेवायची वेळ झाली की त्याला सुटल्यासारखं वाटे; इथे अंधार पडला तरी उठवत नसे.

आणि तिथे खाली सावलीत बसलेली असायची रुद्राणी. त्याची नात, मुलगी शांतम्माची लेक. शांतम्माला अक्कलकोटपलीकडच्या खेड्यात दिली होती, बाळंतपणं आणि सणवार सगळं माहेरी. तेव्हा रुद्राणी चार वर्षांची. दिवसातून दहा वेळा विचारायची, "अज्जा, पाणी कधी?"

"येईल की."

"पहिल्यांदा कोण?"

"तू. तुझ्या आधी कुणी नाही. गव्हर्नर आला तरी त्याला म्हणायचं, थांब बाबा, रुद्राणी घसरू दे." ती खिदळायची. ईश्वरप्पा वर दोराला लटकून दगड फिरवायचा. माणसाने कशासाठी मरमर करावी याचा त्याला त्या पाच महिन्यांत काही प्रश्न पडला नाही.

पण पाणी आलं नाही. विहिरीवर मोटर बसवायची तर वीज पाहिजे, आणि विजेची तार रस्त्याच्या पलीकडेच थांबलेली. ती इकडे यायला वर्ष गेलं. आणि रिकामं वर्ष म्हणजे काय, तर लोकांची तोंडं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या विहिरीत कुणी बाई पडली होती. तेवढं पुरलं. विहिरीत साती आसरा आहेत, पोरं ओढून नेतात, म्हणून दुष्काळातही पाणी आटलं नाही, असं सुरू झालं. दुष्काळात त्याच पाण्याचा चहा पिताना कुणाला आसरा आठवल्या नव्हत्या! पण आता म्हणे, तिथे पोरं पाठवायची नाहीत.

ईश्वरप्पा हवालदिल झाला. गल्लीत गुरुसिद्धप्पा म्हणून भुसार मालाचे व्यापारी होते, वयाने मोठे, समाजात ज्यांचा शब्द चालतो असे. तो त्यांच्याकडे गेला.

"त्यात काय बे एवढं?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. "पाण्याच्या तोंडाशी बसवण्णा बसव. मठातल्या स्वामींना बोलावून रुद्राभिषेक कर. बसवण्णा बसला म्हटल्यावर आसरा तिथे थांबतील होय?"

किती सोपं! ईश्वरप्पाला पटलं. पटणारच. सोलापुरात दुकानाची फळीसुद्धा पूजेशिवाय उघडत नाही. त्याने पाथरवटाकडून हातभर लांबीचा काळा बसवण्णा, म्हणजे नंदी, आणला. आणि इथे, देवा, इथे त्याच्यातला कारागीर जागा झाला. घसरगुंडीच्या माथ्यावर नळाचं नुसतं उघडं तोंड त्याला बघवेना. त्याने स्वतःच्या हाताने नंदीच्या पोटातून तोंडापर्यंत भोक पाडलं आणि नळ आतून काढला. पाणी बसवण्णाच्या मुखातून पडेल, तिथून घसरगुंडीवर येईल. काय शोभा! महिपतीनेसुद्धा मान डोलावली. चंद्रव्वाने पाहिलं, गुरुसिद्धप्पांनी पाहिलं, येणाऱ्या-जाणाऱ्या शंभर जणांनी पाहिलं. पुढे काय होणार हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शहात्तरच्या श्रावणातला सोमवार. मांडव घातला, गल्ली लोटली, शांतम्मा सासरहून आली. स्वामींनी दोन तास रुद्राभिषेक केला. नंदीला विभूती लागली, बेल वाहिला, फुलं चढली. रुद्राणी आता सहा वर्षांची. नवं परकर-पोलकं घालून ती अठराव्या पायरीवर सकाळपासून बसून होती, खाली यायलाच तयार नव्हती. ईश्वरप्पाने मोटरचं बटण दाबलं. विहिरीत घरघर झाली, नळ दोनदा खोकला, आणि बसवण्णाच्या मुखातून पाण्याची धार सुटली. ती हिरव्या-पांढऱ्या उतारावरून एकसारखी, कुठे न अडता खाली आली. "हर हर महादेव" झालं. ईश्वरप्पाच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. तो ओरडला, "रुद्राणी, बस! सोड हात!"

"अरे, अरे, अरे!" गुरुसिद्धप्पा उभेच राहिले. "काय करलालास बे? तीर्थ आहे ते! तीर्थावर ढुंगण टेकवतोस पोरीचं?"

ईश्वरप्पाला आधी कळलंच नाही. मग त्याने स्वामींकडे पाहिलं. स्वामी चांगला माणूस. त्यांना कुणाचं मन मोडायचं नव्हतं. पण ते तरी काय सांगणार? "ईश्वरप्पा," ते हळू बोलले, "बसवण्णाच्या मुखातलं, अभिषेकाचं पाणी. ते डोक्यावर घ्यायचं असतं रे."

चंद्रव्वा तोवर पायऱ्या चढून गेली होती. तिने रुद्राणीला काखेत धरून खाली आणलं. पोर हातपाय झाडत होती, "माझी आहे, अज्जानं सांगितलंय, माझी आहे!" तिकडे कुणाला ऐकू येणार? बायका तांबे घेऊन पुढे झाल्या होत्या. घसरगुंडीच्या खालच्या टोकाला रांग लागली.

मग ईश्वरप्पाने काय काय केलं नाही! स्वामींकडे गेला, म्हणाला, बसवण्णाला बाजूला देऊळ बांधून देतो, तिकडे हलवू. स्वामी म्हणाले, "प्रतिष्ठा झालेला नंदी भंगल्याशिवाय हलत नाही. भंगू दे म्हणतोस का?" ईश्वरप्पाने कानाला हात लावले. महिपतीने तोड काढली, नंदीचा नळ बंद करून शेजारून दुसरा काढावा. काढला. दोन दिवस झाले नाहीत तो बायकांत बोभाटा, बसवण्णाचं तोंड सुकलं! त्या वर्षी भाद्रपदात पाऊस जरा ओढला होता. झालं, दहा माणसं घेऊन गुरुसिद्धप्पा हजर. शेजारचा नळ त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवला. भांडायचं कुणाशी? ती सगळी त्याचीच माणसं, आणि मनातून त्यालाही तो कोरडा नंदी बघून धस्स झालं होतं. महिपती म्हणाला, "मेस्त्री, मग पलीकडं दुसरी बांदू की." ईश्वरप्पाने नुसतं लुगडं वाळत घालायच्या काठीकडे पाहिलं, जी आता चालताना आधाराला धरावी लागत होती. दुसरी घसरगुंडी घोटायला त्या गुडघ्यांत काही उरलं नव्हतं.

सोमवारी गर्दी व्हायला लागली. एक कमिटी झाली. त्या गुळगुळीत उतारावर लोक विभूती फासायचे, कुंकू ओतायचे, कडेला नारळ फोडायचे. एकदा नारळाने खड्याचा टवका उडाला. ईश्वरप्पाने तो बोटाने चाचपून पाहिला. संध्याकाळी माणसं गेली की तो फडक्याने सगळं पुसून काढायचा. सकाळी पुन्हा तेच. आणि गंमत बघा, ज्याचं तोंड सत्तावीस वर्षं कुणी पाहिलं नाही, त्याच्या आता लोक पाया पडायला लागले. बार्शीहून माणसं यायची, म्हणायची, "अण्णा, तुमच्या हातून केवढं पुण्य घडलं!" त्याला वाटे, एकेकाला बखोट धरून विचारावं, अरे, तुमच्यातला एक तरी घसरा की रे! एकच. म्हणजे मी मरायला मोकळा.

तो एकजण घसरला. अठ्ठ्याहत्तरच्या महाशिवरात्रीला.

भरदुपार, हौदाभोवती पाय ठेवायला जागा नाही. ईश्वरप्पा खाली पळी-पंचपात्र घेऊन तीर्थ देत उभा होता. कमिटीने ते काम त्याला मानाने दिलं होतं. वर आरडाओरडा झाला म्हणून त्याने मान वर केली. आठ वर्षांची रुद्राणी नंदीच्या पुढ्यात बसली होती. तिने परकर गुडघ्यांत आवळला आणि हात सोडले.

काय आली ती! वळणावर जराशी उचलली गेली, आणि धप्पकन हौदात. बेलाची पानं आणि फुलं कडेच्या लोकांच्या अंगावर. ती पाण्यातून वर आली, नाकातोंडात पाणी, केस चेहऱ्यावर, आणि हसत होती. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, थांबता थांबत नव्हती. "अज्जा! अज्जा, पाहिलंस?"

ईश्वरप्पाने पाहिलं. सात वर्षं त्याने याचीच वाट बघितली होती. आणि त्याच क्षणी त्याला भोवतालची शांतता ऐकू आली. शंभर-दोनशे डोळे. गुरुसिद्धप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडलेला. कुणी तरी म्हणालं, "शिव शिव, शिवरात्रीला!" ईश्वरप्पाने पळी खाली ठेवली, पुढे झाला, आणि पोरीच्या थोबाडीत दिली.

लोक तिच्यावर धावून येतील म्हणून मारली, की देवाला भिऊन मारली, हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. कदाचित नुसती लाज. घोटून घोटून दगड झालेला हात तो. पोरीच्या गालावर चारी बोटं उमटली. ती रडली नाही. हसू तेवढं तोंडावरच राहिलं, थोडा वेळ, मग गेलं. चंद्रव्वाने तिला वर नेऊन बसवण्णापुढे नाक घासायला लावलं. सात वेळा. लोक म्हणाले, आता दोष गेला. शांतम्मा लेकीला घेऊन संध्याकाळच्या एसटीने गेली. जाताना बापाला इतकंच म्हणाली, "अप्पा, तुम्ही तरी मारायला नको होतं."

वर्षभर रुद्राणी आली नाही. ईश्वरप्पाने दोनदा पत्र घातलं, स्वतःला लिहिता येत नव्हतं म्हणून मास्तरांकडून लिहून घेऊन. एकोणऐंशीच्या मे महिन्यात शांतम्मा तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिला आणावंच लागलं. पोर उंच झाली होती. बोलायची, पण विचारलं तेवढंच.

ईश्वरप्पाने मनाशी ठरवलं. मंगळवारी तिथे कुणी फिरकत नाही. सोमवारची गर्दी ओसरल्यावर त्याने बारीक दगड काढला आणि कंबरेला दोर न बांधता, बुडाने सरकत सरकत सगळा उतार घोटून घेतला. कुंकवाचे डाग निघाले. मंगळवारी सकाळी ऊन कोवळं असतानाच तो रुद्राणीला हाताला धरून विहिरीवर घेऊन आला, कमिटीने बसवलेलं फाटक आतून लावलं, मोटर सुरू केली. धार सुटली.

"चल," तो म्हणाला. "तुझीच आहे ही. कुणी नाही बघ."

रुद्राणीने वर पाहिलं. "बसवण्णा आहे की."

"त्याला मी सांगतो. जे काय पाप असेल ते माझ्या नावावर. तू बस, बाळा. पाहिजे तितक्या वेळा घसर. मी हितं हौदापाशी उभा राहतो." त्याने तिचा हात सोडला. "माझ्यासाठी एकदा घसर."

रुद्राणीने चपला काढल्या. ईश्वरप्पा हौदाच्या काठाशी गेला. ती अठरा पायऱ्या चढली, नंदीच्या बाजूला, पाण्याला पाय लागू न देता, अंग चोरून उभी राहिली. हात जोडले. मग उजव्या तळहातावर धारेचं पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, उरलेलं प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला. हे सगळं अगदी जसं करायचं तसं. मग दोन्ही हातांची ओंजळ भरून घेतली आणि सांडू न देता जपून जपून खाली आली.

"घसरायचं नाही?" ईश्वरप्पाने विचारलं.

"शी, अज्जा! पाय लागतील की." ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि हात वर केले. "वाक. तुला पण घे."

ईश्वरप्पा वाकला. तिने ओंजळ त्याच्या डोक्यावर रिकामी केली. त्याने डोळे मिटून ते पाणी घेतलं. दुसरं काय करणार होता तो?